गुरुवारची काठी

मित्रांनो, मी एक जुनी गळाची काठी आहे. आशागडच्या एका घरात, पुढच्या दारामागे, दोन खिळ्यांवर आडवी टांगलेली असते. येणारेजाणारे मला पाहतात आणि पडद्याची काठी समजतात. मला बनवले मासे धरण्यासाठी, पण माझ्या हातून मासे फारसे धरले गेले नाहीत. तरी माझे आयुष्य वाया गेले असे मला वाटत नाही. का, ते सांगते.

माझा जन्म सायवनचा. हाल्या दुमाडा नावाच्या माणसाच्या घरामागे बांबूचे बेट होते. दिवाळीनंतरच्या अमावास्येला त्याने बेटात शिरून आम्हा तिघींना तोडले. अमावास्येला तोडलेल्या बांबूला कीड धरत नाही, असे तो म्हणायचा. माझ्या दोन बहिणी जाड होत्या. त्यांच्या टोकाला जाळी बांधली, त्यांच्या चिकू काढायच्या काठ्या झाल्या आणि त्या चिकूच्या वाडीत कामाला लागल्या. मी बारीक आणि लवचीक. हाल्याने मला शेकोटीच्या धगीवर फिरवून फिरवून सरळ केले, गाठी तासल्या, मोहाच्या बियांचे तेल चोळले आणि टोकाला दगड बांधून महिनाभर आढ्याला लटकत ठेवले. तो महिना मला फार जड गेला. आजूबाजूला घर चाललेले, आणि मी नुसती लोंबकळत. पण त्यामुळेच मी आजवर वाकडी झाले नाही.

हाल्या आठवड्याचे सहा दिवस आशागडजवळच्या एका चिकूवाडीत कामाला जायचा. सातव्या दिवशी मला घेऊन बाहेर पडायचा. उन्हाळ्यात सायवनच्या ओढ्याला पाणी राहत नसे, म्हणून आम्ही एसटीने आशागडच्या पुढच्या बंधाऱ्यावर जायचो. गाडीत माझी फार पंचाईत व्हायची. नऊ फुटांची काठी उभी मावत नाही, आणि आडवी धरली तर लोकांच्या डोक्याला लागते.

त्या गाडीवर संगिता कंडक्टर होती. वय पस्तिशीचे, आवाज असा खणखणीत की पुढच्या दारातून बोलली तर शेवटच्या सीटवरचा झोपलेला माणूस जागा व्हावा. पहिल्याच दिवशी तिने आम्हाला अडवले.

"बाबा, ही काठी आत नाही चालणार. कुणाच्या डोळ्यात गेली म्हणजे?"

"सीटच्या खालून सरकवतो, बाय. कुनाला लागनार नाय."

संगिताने स्वतःच वाकून मला सीटांच्या खालून मागपर्यंत सरकवले. तिकीट देताना तिने विचारले, "किती मासे मिळतात?"

"कधी दोन. कधी नाय."

"आणि त्यासाठी एवढ्या लांब येता?"

हाल्याने तिकीट घडी करून खिशात ठेवले. मग म्हणाला, "तिथं मला कोन हाक मारत नाय."

संगिता हसली. तिला तो विनोद वाटला. पुढच्या सीटवरून तेवढ्यात कुणीतरी तिला हाक मारली आणि ती तिकडे गेली.

दोन वर्षे अशीच गेली. मग एका सकाळी मी सीटखाली पडले असताना मला तिचा आवाज ओळखू आला नाही. पत्र्यावर वाळू घासावी तसा तो येत होता. हाल्यालाही ते जाणवले.

"बाय, आवाज कुठं ठेवून आलीस?"

गाडी त्या दिवशी जवळजवळ रिकामी होती. संगिता त्याच्या शेजारी बसली आणि तिने कुजबुजत सगळे सांगितले. डॉक्टरांनी घशात नळी घालून पाहिले होते. आवाजाच्या पडद्यांवर बारीक गाठी आल्या होत्या. कामावर बोलणे कमी करायचे आणि आठवड्यातून एक पूर्ण दिवस तोंडातून शब्द काढायचा नाही, असे त्यांनी बजावले होते. नाहीतर ऑपरेशन. त्यानंतर गाडीवर पुन्हा जाता येईल की डेपोत खुर्चीवर बसून काम करावे लागेल, हे कुणी सांगू शकत नव्हते. संगिताला गाडी आवडायची. नऊ वर्षांत तिने खुर्चीचे काम कधी मागितले नव्हते.

"मग गप बस ना एक दिवस," हाल्या म्हणाला.

"कुठे बसू, बाबा?"

तिने प्रयत्न करून पाहिले होते. तिची सुट्टी गुरुवारी. नवरा रविंद्र उंबरगावला कंपनीत, तो सकाळी सातला निघायचा. घरात उरत त्या सासूबाई, नर्मदाबाई. संगिता ओटीवर गप्प बसली की त्या विचारत, काय झाले. पांघरूण घेऊन पडली की कपाळाला हात लावून ताप पाहत. एका गुरुवारी ती डहाणूच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडाखाली जाऊन बसली. तासाभरात ओळखीच्या अकरा प्रवाशांनी येऊन विचारले, मॅडम, आज ड्युटी नाही का. देवळात गेली, तर पुजारीबुवांनी घरी सगळे ठीक ना म्हणून चौकशी केली.

"एकटी बाई नुसती बसलेली दिसली ना, की सगळ्यांना वाटतं हिचं काहीतरी बिनसलंय," ती म्हणाली.

हाल्याने मान हलवली. बंधाऱ्याचा थांबा आला तेव्हा तो उतरला, पण मला न घेता.

"बाबा, काठी राहिली."

"राहू दे. तू ने ती." तो खालून म्हणाला. "माझ्या डोळ्यांना आता गळात दोरा ओवता येत नाय. आनि हातात काठी असली ना बाय, मग मानूस नुसता बसलाय असं कोन म्हनत नाय. मासे धरतोय म्हनतात."

अशी मी संगिताची झाले.

पहिल्या गुरुवारी ती मला घेऊन बंधाऱ्यावर गेली. डबा, पाण्याची बाटली आणि एक जुनी चादर एवढेच सामान. फोन तिने बंद करून पिशवीच्या तळाशी टाकला. गांडूळ हातात घेतले आणि लगेच सोडून दिले. मग डब्यातल्या पोळीचा तुकडा मळून त्याची गोळी गळाला लावली. दोरा फेकला तो थेट मागच्या जांभळीत अडकला. सोडवता सोडवता अर्धा तास गेला. मी मनात म्हटले, हिच्याकडून काही व्हायचे नाही.

थोड्या वेळाने बांधावरून एक मोटारसायकल आली. मागे बायको बसलेली. गाडी हळू झाली, संगिताची मान खाली गेली. तिला वाटले, आता प्रश्न येणार. पण त्या माणसाने मला पाहिले आणि बायकोला दबक्या आवाजात सांगितले, "गळ टाकलाय, बोलू नको." गाडी हळूच निघून गेली.

संगिता खांदे हलवत हसली, आवाज न करता. हाल्याचे म्हणणे खरे निघाले होते.

त्या दिवसापासून आमचे गुरुवार सुरू झाले. खरे सांगायचे तर आम्ही तिथे काहीच करायचो नाही, आणि ते काहीच न करणे तिला शिकावे लागले. सुरुवातीला ती सारखी मनगटाकडे पाहायची, पुढच्या थांब्याची वेळ झाल्यासारखी. तिसऱ्या गुरुवारी तिने घड्याळ घरी ठेवले. मग ती खंड्या किती वेळा पाण्यात सूर मारतो ते मोजू लागली. तांदळाची भाकरी आणि, गुरुवारी सुकट चालत नाही म्हणून, लसणाची चटणी, एवढ्याशा जेवणाला ती पाऊण तास लावायची. मग मला दगडाखाली दाबून ती चादरीवर उताणी पडायची आणि जांभळीच्या पानांतून आभाळ पाहता पाहता झोपून जायची. एकदा ती अशी झोपली असताना गळाला चांगला जड मासा लागला. मी वाकले, पण आवाज केला नाही. काही वेळाने तो सुटून गेला. मला त्याचे जरासुद्धा वाईट वाटले नाही.

जागेपणी मासा लागला तर ती त्याला हातात धरून पाहायची आणि परत पाण्यात सोडायची. त्यांच्या घरात गुरुवारी मासे शिजत नसत.

यावरूनच कुरबुर सुरू झाली. "मासा आज चालत नाही, भाजी नाही. दिवसभर उन्हात बसून आणतेस तरी काय?" नर्मदाबाई विचारायच्या. संगिता गळ्याकडे बोट दाखवायची.

"ते कळतं मला. पण आठवडाभर या घरात मी एकटी. गुरुवारची वाट बघते, तर गुरुवारी तूही नाही. मी काय भिंतीशी बोलू?"

मी दाराजवळच होते. नर्मदाबाईंचा मला राग येऊ शकला नाही. एकीला बोलून बोलून घसा सुजला होता आणि दुसरीला दिवसभर बोलायला कुणी नव्हते. दोघींचे दुःख खरे होते, आणि दोघींमध्ये मी उभी होते.

मग होळीच्या आदल्या गुरुवारी तो प्रसंग घडला. नर्मदाबाई मागच्या अंगणात कपडे धूत होत्या. ओल्या फरशीवर पाय घसरला आणि त्या हातावर पडल्या. मनगट मोडले. उठता येईना. त्यांनी बराच वेळ हाका मारल्या. शेवटी शेजारच्या पुष्पाने ऐकले आणि रिक्षा बोलावून त्यांना दवाखान्यात नेले. पुष्पाने संगिताला वीस वेळा फोन लावला. तो बंद होता.

चारला आम्ही घरी आलो तेव्हा दाराला कुलूप. अंगणात बादली आडवी पडलेली आणि अर्धे धुतलेले कपडे तसेच. संगिता मला हातात घेऊन तिथे उभी राहिली. तिची बोटे माझ्यावर इतकी घट्ट आवळली गेली की मला ती अजून जाणवतात.

संध्याकाळी रविंद्र आईला घेऊन आला. तो ओरडला नाही. एवढेच म्हणाला, "फोन तरी चालू ठेवायचा होता."

संगिताने मला उचलले आणि न्हाणीच्या पत्र्यावर टाकून दिले.

मित्रांनो, पत्र्यावरचे दिवस मला आठवावेसे वाटत नाहीत. फाल्गुन गेला, चैत्र आला. दुपारी पत्रा तापून लाल होईल असे वाटायचे. माझे तेल सुकले आणि एका दुपारी कट् असा आवाज होऊन माझ्या अंगाला लांब तडा गेला. पण माझ्यापेक्षा संगिताची अवस्था वाईट होती. आता ती गुरुवारी सासूची सेवा करायची, भेटायला येणाऱ्यांशी बोलायची आणि शुक्रवारी पुन्हा गाडीवर जायची. तिचा आवाज दिवसेंदिवस तुटत गेला.

एका संध्याकाळी ती मागच्या ओट्यावर बसून रविंद्रला सांगत होती. मी वरून ऐकत होते. बारकी नावाची एक म्हातारी बाजार करून संगिताच्या गाडीने परत जायची. ती सीटवर झोपायची, कारण तिचे गाव आले की संगिता हाक मारणार हे तिला माहीत होते. त्या दिवशी संगिताने हाक मारली, पण घशातून नुसती हवा आली. मागे दोन पोती आडवी होती, तिला म्हातारीपर्यंत पोचता येईना. घंटेची दोरी तुटलेली होती आणि दुसरे कुणी उतरणारे नव्हते. गाडी पुढे गेली. तीन थांबे ओलांडल्यावर बारकी जागी झाली.

"भर उन्हात चालत गेली ती, डोक्यावर ओझं घेऊन," संगिता कुजबुजली. "मला काही बोललीसुद्धा नाही. उलट म्हणाली, बाय, तुझा घसा बरा नाय, तू आराम कर."

रविंद्रने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या सरकवला. न्हाणीच्या दाराशी नर्मदाबाई उभ्या होत्या. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवलेला. त्यांनी ते सगळे ऐकले होते.

आता नर्मदाबाईंचे सांगते. हात मोडल्यापासून त्यांच्याकडे रोज माणसे येत होती. ज्यांना बोलायला कुणी नव्हते, त्यांच्याकडे आता सकाळपासून रीघ. प्रत्येकाला कशा पडलात ते पहिल्यापासून सांगायचे. पहिल्या आठवड्यात त्यांनी हौसेने सांगितले. तिसऱ्या आठवड्यात त्या पुष्पाला म्हणाल्या, "बाहेर कोण आलंय, त्यांना सांग मी झोपलेय." आणि मागच्या दाराने येऊन न्हाणीजवळच्या दगडावर बसल्या. चिकूच्या झाडाकडे पाहत. मी वरून त्यांचा चेहरा पाहत होते. कपाळावरच्या आठ्या एक एक करून सुटत गेल्या.

तेवढ्यात पुष्पा आली. "काकू, एकट्या काय बसलात? काही दुखतंय का?"

"काही दुखत नाही. बसलेय."

"मग बोलत का नाही?"

नर्मदाबाईंनी तिच्याकडे पाहिले. मग त्यांची नजर हळूहळू वर गेली आणि माझ्यावर येऊन थांबली.

बारकीची गोष्ट ऐकली त्याच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी, त्यांनी डाव्या हातात झाडू उलटा धरला आणि मला पत्र्यावरून खाली ओढले. मी दाणकन पडले आणि माझा तडा आणखी वाढला. त्यांनी पदराने माझ्यावरची धूळ पुसली. संध्याकाळी संगिता कामावरून आली तेव्हा मी पुढच्या खोलीत खाटेवर होते.

"उद्या गुरुवार आहे," नर्मदाबाई म्हणाल्या.

"नको, आई. तुम्ही पडलात तेव्हा मी तिथे बसले होते."

"तू घरात असतीस तरी पडलेच असते मी. ओल्या फरशीने पाडलं मला, तू नाही."

संगिता खाली मान घालून उभी राहिली.

"इकडे बघ. एकच गोष्ट महिनाभर सगळ्यांना सांगून माझं तोंड दुखलं. तू नऊ वर्षं रोज काय करतेस ते मला आता कळलं." त्यांनी मला तिच्या हातात दिले. "फोन बंद ठेव हवं तर. पण कुठे बसणार ते पुष्पाला सांगून जा. काही लागलं तर ती दहा मिनिटांत येईल धावत. आणि संध्याकाळी माझ्याजवळ बस. बोलू नकोस. मी बोलेन, तू ऐक."

संगिताच्या डोळ्यांतून पाणी आले. तिने ते पुसले नाही.

तडा गेलेल्या काठीने गळ टाकता येत नाही. म्हणून त्या गुरुवारी आम्ही आधी सायवनला गेलो. हाल्या अंगणात बसला होता. डोळ्यांना आता अगदी कमी दिसत होते, पण त्याने माझ्यावरून अंगठा फिरवला आणि त्याला सगळे समजले.

"उन्हात ठेवलीस."

संगिताने मान हलवली. मग मान हलवलेली त्याला दिसली नसेल हे लक्षात येऊन तिने त्याचा हात दाबला.

त्याने तड्यात राळ भरली, वरून सुताचा दोरा घट्ट गुंडाळला आणि पुन्हा राळ थापली. त्याची बोटे सावकाश चालत होती, पण एकदाही चुकली नाहीत. "आडवी टांगत जा. ओली झाली तर पूस. कोपऱ्यात टेकवून ठेवलीस तर वाकंल," तो म्हणाला. त्याच रविवारी रविंद्रने दारामागे दोन खिळे ठोकले.

पावसाळ्यात बंधारा भरून वाहू लागला, तेव्हा आम्ही वरच्या खडकावर बसायला लागलो. दिवाळीच्या सुमारास डॉक्टरांनी पुन्हा नळी घालून पाहिले. गाठी बऱ्याच लहान झाल्या होत्या. ऑपरेशनची आता गरज नाही, पण गुरुवार सोडायचा नाही, असे ते म्हणाले. संगिताचा पूर्वीचा खणखणीत आवाज परत आलेला नाही. तो आता जरा जाडसर आहे आणि ती तो जपून वापरते. बारकीला ती आता हाक मारत नाही. गाव यायच्या आधी तिच्या सीटजवळ जाते आणि खांद्यावर हात ठेवते. गुरुवारी संध्याकाळी ओटीवर नर्मदाबाई आठवडाभराचे सगळे बोलून घेतात. संगिता ऐकते, मान हलवते, कधी नुसती हसते. मी दारामागून दोघींना पाहते.

आणि आता गेल्या महिन्यातली गोष्ट. एका सोमवारी भाजी निवडता निवडता नर्मदाबाईंनी सहज विचारले, "मंगळवारी ही काठी रिकामीच असते ना?"

संगिताने चमकून पाहिले. "कुणाला हवीय?"

"मला."

"मग मी रजा टाकते. येते सोबत."

"तू कशाला? तू आलीस तर बोलावं लागेल."

दुसऱ्या दिवशी त्या कुठे बसणार ते पुष्पाला सांगून मला घेऊन निघाल्या. वाटेत दोनदा थांबल्या, दम घेतला. बंधाऱ्यावर जांभळीच्या सावलीत पदर आवरून बसल्या. मनगट बरे झाले असले तरी काठी त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती. बराच वेळ पाण्यावर फक्त पाणकिडे फिरत होते. दुपारी बांधावरून ओळखीची एक बाई आली आणि लांबूनच म्हणाली, "नर्मदाकाकू, तुम्ही इथे? एकट्याच?"

नर्मदाबाईंनी ओठांवर बोट ठेवले आणि पाण्याकडे दाखवले. ती बाई चप्पल हातात घेऊन, पाय न वाजवता निघून गेली.

मित्रांनो, तुम्हाला म्हणून सांगते. दोऱ्याच्या टोकाला त्या दिवशी गळच नव्हता. नर्मदाबाईंनी तो घरीच काढून ठेवला होता.

आता मी जुनी झाले आहे. राळ भरलेल्या जागी अधूनमधून दुखते. मला ऊन सोसत नाही आणि ओलही सोसत नाही, एवढी काळजी घेतली तर अजून काही वर्षे निघतील. माझे एवढेच मागणे आहे. तुमच्या घरात दिवसभर दुसऱ्यांसाठी बोलणारे, धावणारे कुणीतरी असेल. ते कधी एकटेच जाऊन बसले तर रागावू नका आणि घाबरूही नका. कुठे बसणार एवढे विचारून ठेवा, आणि मग त्यांना खुशाल बसू द्या. त्यांच्या हातात काठी नसली तरी.